बोखुम ते श्रीपेरुंबुदूर: नोकियाने जाताना काय दिलं

माझ्या टेबलाच्या खणात नोकियाचा एक जुना बटणांचा फोन आहे. मागचं झाकण अंगठ्याने सरकवून बॅटरी काढली की खाली एक पांढरी पट्टी दिसते. तिच्यावर पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बारकोड आणि ‘मेड इन इंडिया’ असं छापलेलं आहे. व्यवसाय-नीतीच्या तासाला हे प्रकरण घेते तेव्हा मी तो फोन वर्गात फिरवते. मुलं हातात घेऊन बटणं दाबून बघतात, कुणीतरी सापाच्या खेळाची आठवण काढतं. मग मी विचारते, ही पट्टी कुणी चिकटवली?

वर्ग गप्प होतो. भारतात नोकियाचा फोन बनवायचा कारखाना एकच होता, चेन्नईपासून चाळीसेक किलोमीटरवर, बंगळुरू महामार्गालगत श्रीपेरुंबुदूरला. तिथल्या कामगारांमध्ये बहुसंख्य तरुण मुली होत्या. बारावी करून आसपासच्या जिल्ह्यांतून आलेल्या या मुली कंपनीच्या बसने कामावर येत. तेव्हा पट्टी चिकटवणारी बहुधा अशीच कुणीतरी विशीतली मुलगी. तिची नोकरी २०१४ मध्ये गेली. ती कशी गेली आणि त्याला जबाबदार कोण, हे मला या प्रकरणात तपासायचं आहे. पण त्यासाठी आधी जर्मनीत जावं लागतं, कारण श्रीपेरुंबुदूरला जे घडलं त्याचा धडा ही कंपनी आधीच एकदा शिकली होती.

१५ जानेवारी २००८ रोजी नोकियाने जाहीर केलं की बोखुमचा कारखाना वर्षाच्या मध्यापर्यंत बंद होईल. सुमारे २,३०० जणांच्या नोकऱ्या जाणार होत्या. काम रुमानियात, क्लुज शहराजवळच्या जुकू गावी हलवायचं ठरलं होतं. बोखुम रूर खोऱ्यातलं शहर. कोळसा आणि पोलादावर वाढलेलं, आणि खाणी बंद झाल्यावर नव्या उद्योगांसाठी धडपडणारं. नोकिया तिथे यावी आणि टिकावी म्हणून सरकारने मोकळ्या हाताने पैसा दिला होता. राज्य आणि केंद्र मिळून सुमारे ८.८ कोटी युरोंचं अनुदान. त्या बदल्यात ठरावीक संख्येने नोकऱ्या ठरावीक काळ टिकवायच्या अशी अट होती. अटीची मुदत सप्टेंबर २००६ मध्ये संपली. त्यानंतर दीड वर्षही झालं नव्हतं.

नोकियाची बाजूही नीट ऐकली पाहिजे, आणि वर्गात मी ती आधी मांडायला लावते. कंपनीचं म्हणणं असं की तिच्या एकूण फोनपैकी बोखुममध्ये सहा टक्के बनतात, पण कारखान्यांतल्या एकूण मजुरीच्या खर्चातला २३ टक्के वाटा तिथे जातो. स्पर्धा आशियाशी आहे, सुटे भाग पुरवणारे जर्मनीत यायला तयार नाहीत. हे सगळं खरं असू शकतं. पण त्याच महिन्यात कंपनीने आदल्या वर्षाचा ताळेबंद जाहीर केला आणि निव्वळ नफा ७.२ अब्ज युरो निघाला. बुडणारी कंपनी हातपाय मारते आहे, असं म्हणायला जागाच उरली नाही.

मग जर्मनी पेटली. आठवडाभरात बोखुमच्या रस्त्यावर पंधरा हजार माणसं उतरली. अर्थमंत्री पेअर श्टाइनब्रुक यांनी ‘तांड्याची भांडवलशाही’ असा शब्द वापरला. आज इथे तंबू, उद्या तिथे. कृषिमंत्री होर्स्ट झेहोफर यांनी आपला नोकिया फोन परत करणार असं सांगितलं. राज्य सरकारने अनुदान व्याजासकट परत मागितलं, कारण कबूल केलेल्या नोकऱ्यांचा आकडा कंपनीने गाठलाच नव्हता असा त्याचा हिशेब होता. कामगार प्रतिनिधींशी वाटाघाटी होऊन शेवटी २० कोटी युरोंची भरपाई ठरली. शिवाय शहरात नवे उद्योग यावेत म्हणून कंपनीने आणखी दोन कोटी युरो दिले. माणशी हिशेब केला तर भरपाईच ८० हजार युरोंच्या वर जाते. त्याखेरीज पुढच्या दोन-तीन वर्षांत जर्मनीत बुडालेली विक्री कंपनीच्या स्वतःच्या अंदाजानुसार सत्तर कोटी युरोंची, आणि नफा दहा कोटींचा.

इथे वर्गात दरवर्षी एक प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. रुमानियातला कामगार माणूस नाही का? त्याला काम मिळालं तर वाईट काय झालं? मीही हाच प्रश्न स्वतःला विचारत आले आहे. बोखुमच्या कामगाराला त्या नोकरीवर जन्मसिद्ध हक्क होता आणि क्लुजच्या कामगाराला नव्हता, असं मी म्हणणार नाही. श्रीमंत देशातलं काम गरीब देशात गेल्याने गरीब देशातली घरं उभी राहिली, हे गेल्या पन्नास वर्षांत अनेक ठिकाणी दिसलं आहे. काम हलवण्याला मुळातून अनैतिक ठरवलं तर आपल्याकडच्या निम्म्या औद्योगिक वसाहतींना उत्तर देता येणार नाही. पण मग रुमानियात काय झालं तेही बघावं लागतं. जुकूचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि सप्टेंबर २०११ मध्ये नोकियाने तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुमारे २,२०० जणांच्या नोकऱ्या गेल्या. काम आशियाकडे निघालं होतं. जागा पुढे देलाँगी या इटालियन कंपनीने कॉफीयंत्रांसाठी घेतली. बोखुमकडून काढून क्लुजला दिलं, या युक्तिवादाचं आयुष्य चार वर्षांचंही नव्हतं.

हेच फिनलंडमध्येही घडलं, कंपनीच्या मायदेशात. फेब्रुवारी २०१२ मध्ये सालो, हंगेरीतलं कोमारोम आणि मेक्सिकोतलं रेनोसा या तीन कारखान्यांतल्या मिळून चार हजार नोकऱ्या कमी करायचं ठरलं आणि जून २०१२ मध्ये सालोचं उत्पादन पूर्ण थांबवायचा निर्णय झाला. तोवर आयफोन आणि अँड्रॉइडने नोकियाची जमीन पायाखालून काढून घेतली होती. २००८ मधली कपात नफ्यातल्या कंपनीची होती, २०११ नंतरची बुडत्या कंपनीची. नीतीच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. आणि तरीही, मला या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती अशी की बुडणारी नोकिया नफ्यातल्या नोकियापेक्षा चांगली वागली.

बोखुमचा चटका अध्यक्ष योर्मा ओलिला आणि संचालक मंडळाला लागला होता. २०११ मध्ये कपात अटळ दिसू लागली तेव्हा ‘ब्रिज’ नावाचा कार्यक्रम आखला गेला. १३ देश, सुमारे १८ हजार माणसं. नोकरी जाणाऱ्याला पाच वाटा दिल्या होत्या. कंपनीतच दुसरं काम शोधा, बाहेर शोधा, नवा धंदा काढा, नवं काही शिका, किंवा यांपैकी काहीच नको असेल तर स्वतःची वाट सांगा. धंद्यासाठी माणशी २५ हजार युरोंपर्यंत मदत मिळत होती. चार जणांनी एकत्र येऊन अर्ज केला तर रक्कमही चौपट. कारखान्याच्या गावातले नगरपालिकेचे लोक, विद्यापीठं, रोजगार कार्यालयं यांना आधीच विश्वासात घेतलं होतं. बातमी वर्तमानपत्रातून कळावी आणि मग साहेबाने तोंड दाखवावं, हा बोखुमचा प्रकार टाळायचा होता. नोकरी संपली त्या दिवशी १८ हजारांपैकी साठ टक्के लोकांना पुढे काय करायचं ते ठाऊक होतं. हजारभर नव्या कंपन्या निघाल्या.

खर्च पाच कोटी युरो. माणशी सुमारे २,८००. २०११ ते २०१३ या तीन वर्षांत नोकियाने पुनर्रचनेवर १.३५ अब्ज युरो खर्च केले, त्यातला हा जेमतेम चार टक्के. कायद्याने आणि कराराने द्यायची भरपाई वेगळी होती, तेव्हा बोखुमच्या ८० हजारांशी याची सरळ तुलना होत नाही. तरी हे आकडे मी फळ्यावर एकाखाली एक लिहिते, कारण ‘माणसांचा विचार करायला कंपनीला परवडत नाही’ हे वाक्य त्यानंतर कुणाला म्हणता येत नाही. एका बुडत्या कंपनीला ते परवडलं होतं.

आता श्रीपेरुंबुदूर.

एप्रिल २००५ मध्ये तमिळनाडू सरकार आणि नोकिया यांच्यात सामंजस्य करार झाला आणि २००६ च्या सुरुवातीला फोन बाहेर पडू लागले. इतका वेग आपल्याकडे क्वचित दिसतो, आणि त्यासाठी सरकारने भरपूर दिलं होतं. विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा, दोनशे एकरांच्या वर जागा, अखंड वीज, आणि कंपनीने भरलेला व्हॅट परत करण्याची हमी. कारखान्याला सार्वजनिक उपयोगिता सेवेचा दर्जाही दिला गेला. म्हणजे आगाऊ नोटीस दिल्याशिवाय केलेला संप बेकायदा. फोन बनवणं ही वीज-पाण्यासारखी सेवा कशी, याचं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही. शेजारीच फॉक्सकॉनसारख्या पुरवठादारांचे कारखाने आले. नोकियाचे स्वतःचे कामगार ऐन भरात आठ हजारांच्या आसपास होते.

या कारखान्याने दिलेलं मी कमी लेखणार नाही. ज्या घरात बाईच्या नावाने कधी पगार आला नव्हता तिथे महिन्याच्या महिन्याला मुलीच्या बँक खात्यात पैसे येऊ लागले. लग्न दोन-चार वर्षं पुढे गेलं, धाकट्या भावंडांची फी भरली गेली. काम मात्र सोपं नव्हतं. सर्किटचे पॅनल यंत्रात भरायचे, पुढे त्यांवर चिप बसतात, भट्टीतून निघतात, पॅनल तोडून एकेक बोर्ड वेगळा होतो. मग पडदा, कीपॅड, चाचणी, पट्टी, खोकं. तीन पाळ्या. सेकंदांवर बांधलेलं लक्ष्य. २००९ आणि २०१० मध्ये पगारवाढीसाठी संप झाले, कामगारांनी आपली युनियन उभी केली. २०१० च्या अखेरीस एक तरुण कामगार मुलगी पॅनल भरण्याच्या यंत्रात अडकून मरण पावली. त्या रात्री यंत्र वेळेत का थांबलं नाही, यावर सहकाऱ्यांनी विचारलेले प्रश्न तीव्र होते. वर्गात मी तिचं नाव घेत नाही, पण ती गेली हे सांगितल्याशिवाय पुढे जात नाही.

शेवटाची सुरुवात करापासून झाली. जानेवारी २०१३ मध्ये प्राप्तिकर खात्याचे अधिकारी कारखान्यात आले. फोनमध्ये टाकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी भारतीय कंपनी फिनलंडच्या मूळ कंपनीला पैसे देत होती. ते पैसे म्हणजे रॉयल्टी, आणि त्यावर कर कापायला हवा होता, असं खात्याचं म्हणणं. मागणी सुमारे २,०८० कोटींची. सप्टेंबर २०१३ मध्ये नोकियाने आपला फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला ५.४४ अब्ज युरोंना विकायचं जाहीर केलं आणि त्याच महिन्यात खात्याने भारतातली मालमत्ता गोठवली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथून सर्वोच्च न्यायालयात. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तांतरणाआधी ३,५०० कोटींची हमी मागितली. त्याच सुमारास तमिळनाडूच्या विक्रीकर खात्याने आणखी २,४०० कोटींची मागणी पुढे केली. निर्यातीसाठी म्हणून दाखवलेले फोन देशातच विकले, असा आरोप होता. कंपनीने दोन्ही मागण्या अमान्य केल्या.

२५ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोन-धंदा ताब्यात घेतला. श्रीपेरुंबुदूरला मागे ठेवून.

इथून पुढची रचना नीट समजून घ्यावी, कारण माझ्या मते प्रकरणाचा गाभा तिथे आहे. कारखाना नोकियाचा राहिला. फोन मायक्रोसॉफ्टचे झाले. नोकिया आता मायक्रोसॉफ्टची कंत्राटी उत्पादक होती आणि कंत्राट मर्यादित काळाचं होतं. ज्या कंपनीकडे काम होतं तिचे तिथे कामगार नव्हते, आणि ज्या कंपनीचे कामगार होते तिच्याकडे काम नव्हतं. कराराने एका बाजूला ब्रँड, पेटंट आणि ग्राहक नेले आणि दुसऱ्या बाजूला माणसं ठेवली. जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने जगभरात १८ हजार नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं. त्यातल्या साडेबारा हजार नोकियाकडून आलेल्या धंद्यातल्या होत्या. फोनचं उत्पादन प्रामुख्याने व्हिएतनामला एकवटणार होतं. ऑक्टोबरमध्ये श्रीपेरुंबुदूरची उरलेली ऑर्डरही थांबवत असल्याचं मायक्रोसॉफ्टने कळवलं आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून लाइन थांबली. दिल्लीत ‘मेक इन इंडिया’ची घोषणा होऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते.

कामगारांच्या हातात काय आलं? व्हीआरएस. एप्रिल-मे २०१४ मध्येच सुमारे ६,६०० कामगारांपैकी पाच हजारांहून अधिक जणांनी तो घेतला. सोबत मार्गदर्शन-प्रशिक्षणाची थोडी मदत होती. शेवटपर्यंत थांबलेले साडेआठशेच्या आसपास होते. व्हीआरएस म्हणजे स्वेच्छानिवृत्ती. हा शब्द मी मुलांना मोठ्याने वाचायला लावते. यातल्या बहुतेक मुलींचं वय पंचविशीच्या आत-बाहेर होतं. पंचविसाव्या वर्षी निवृत्ती, आणि तीही स्वेच्छेने. शंभरावर कामगार असलेल्या कारखान्यात कपात किंवा टाळं यासाठी औद्योगिक विवाद कायद्याखाली सरकारची आगाऊ परवानगी लागत होती. माणसाने आपण होऊन राजीनामा दिला की तो प्रश्नच उद्भवत नाही. सही करणाऱ्या मुलीला दुसरा पर्याय दिसत नसेल तर त्या सहीला स्वेच्छा म्हणायचं का, हे मी वर्गावर सोडत नाही. माझं उत्तर नाही असं आहे.

दोन ठिकाणं शेजारी ठेवून बघा. बोखुमच्या कामगारामागे दोन सरकारं, देशव्यापी युनियन, आणि ‘तुमचा फोन घेणार नाही’ म्हणणारा ग्राहक उभा होता. अनुदानाच्या कागदावर अट होती, अपुरी का होईना. म्हणून तिथून बाहेर पडताना कंपनीला पैसे मोजावे लागले. ब्रिज कार्यक्रम गाजला तो प्रामुख्याने टांपेरे, ओउलू, सालो अशा फिनलंडमधल्या गावांमुळे. तिथे माणूस बहुधा इंजिनिअर होता, बेकारी भत्ता सरकार देत होतं, आणि पंचवीस हजार युरो घेऊन कंपनी काढायला शेजारी विद्यापीठ होतं. श्रीपेरुंबुदूरच्या मुलीकडे बारावीचं प्रमाणपत्र आणि एका लाइनवरचा सहा-आठ वर्षांचा अनुभव. तो अनुभव जिथे चालला असता ते शेजारचे कारखानेही नोकियाच्याच ऑर्डरवर जगत होते. फॉक्सकॉनने डिसेंबर २०१४ मध्ये तिथला आपला कारखाना थांबवला आणि आणखी सतराशेच्या आसपास जण बाहेर आले. अशा ठिकाणी प्रशिक्षणाचा वर्ग भरवून भागत नाही. तिथे पैसा जास्त लागतो, वेळ जास्त लागतो, आणि सरकारला बरोबर घ्यावं लागतं. जिथे मदतीची गरज सगळ्यात मोठी होती तिथे ती सगळ्यात पातळ होती.

एक हिशेब मी स्वतः करून बघितला. ब्रिजचा माणशी खर्च २,८०० युरो धरला आणि श्रीपेरुंबुदूरच्या सगळ्या ६,६०० जणांसाठी तेवढा केला, तर होतात सुमारे १.८५ कोटी युरो. तेव्हाच्या दराने दीडशे कोटी रुपयांच्या आसपास. याच विक्रीच्या वेळी नोकियाचे मावळते मुख्य कार्यकारी अधिकारी स्टीफन इलॉप मायक्रोसॉफ्टमध्ये परतले आणि त्यांना २.४२ कोटी युरो मिळाले. एका माणसाच्या निरोपाची किंमत सहा हजार सहाशे जणांच्या पुढच्या वाटेपेक्षा जास्त. फिनलंडमध्ये यावर रान उठलं होतं, आणि ते योग्यच होतं.

मग दोष कुणाचा? नोकिया म्हणते प्राप्तिकर खात्याने मालमत्ता गोठवली नसती तर कारखाना मायक्रोसॉफ्टकडे गेला असता. हे अर्धं खरं आहे. गेला असता, पण टिकला असता असं मानायला आधार दिसत नाही. मायक्रोसॉफ्टने आपल्या ताब्यातले चीनमधले आणि हंगेरीतले कारखानेही त्याच सुमारास बंद करायला घेतले आणि २०१६ मध्ये साध्या फोनचा धंदाच विकून टाकला. श्रीपेरुंबुदूर मुख्यतः साधे फोन बनवत होतं आणि त्या फोनचे दिवस भरत आले होते. कर खात्याच्या कारवाईने कामगारांकडून वर्ष-दोन वर्षं हिरावली असतील. नोकियाने हा वाद २०१८ मध्ये भारत-फिनलंड करारातल्या परस्पर तडजोडीच्या मार्गाने मिटवला आणि सुमारे १,६०० कोटी रुपये भरले. म्हणजे तोडगा निघू शकत होता. तो निघाला तेव्हा कारखान्याला कुलूप लागून तीन वर्षं उलटली होती.

सरकारचा दोष मला यापेक्षा मोठा वाटतो आणि तो २००५ मधला आहे. करारात कंपनीला काय मिळणार हे एकेक कलम करून लिहिलं होतं. कंपनी निघाली तर कामगाराला काय मिळणार, दिलेल्या सवलतींचं काय होणार, किती महिने आधी सांगायचं, याची तजवीज केली असती तर २०१४ मध्ये तमिळनाडूच्या हातात काहीतरी असतं. बोखुमची अट दुबळी होती तरी तिच्या आधारे राज्य भांडू शकलं. आपल्याकडे करार करतानाचा उत्साह एवढा असतो की निरोपाचा विषय काढणं अपशकुनासारखं वाटतं.

महाराष्ट्राने हे जवळून बघितलं आहे, पण दुसऱ्या टोकाने. ज्या फॉक्सकॉनने डिसेंबर २०१४ मध्ये श्रीपेरुंबुदूरचं काम थांबवलं, तिच्याशीच ऑगस्ट २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने पाच अब्ज डॉलरचा सामंजस्य करार केला. तो प्रकल्प आला नाही. जानेवारी २०२० मध्ये उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी तसं सांगूनही टाकलं. २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जाणार म्हटल्यावर आपल्याकडे किती खडाजंगी झाली ते आठवा. वर्षभरात फॉक्सकॉन त्यातूनही बाहेर पडली. त्या सगळ्या गदारोळात प्रकल्प कुणी घालवला यावर रकाने भरले. तो आला असता तर करारात काय लिहिलं होतं, किती वर्षांची हमी होती, ती मोडली तर काय, हे विचारणारे मला फार थोडे दिसले. श्रीपेरुंबुदूरचा अनुभव तेव्हा आठ वर्षांचा जुना होता आणि तो कुणी टेबलावर ठेवला नाही.

हे प्रकरण शिकवताना शेवटी मी मुलांकडून करार लिहून घेते. अर्धी मुलं सरकार, काही कंपनी, काही युनियन. आतापर्यंतच्या प्रयत्नांतून माझं मत पक्कं होत गेलं आहे ते असं. प्रत्येक कामगारामागे दरवर्षी ठरावीक रक्कम कंपनीने तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यात भरावी, आणि तिच्यावर ना कर खात्याची जप्ती चालावी, ना देणेकऱ्यांची. परत केलेल्या कराचा हिशेब जाहीर असावा आणि कंपनी पंधरा वर्षांच्या आत गेली तर उरलेल्या वर्षांच्या प्रमाणात तो परत यावा. आणि धंदा विकला गेला तर ज्याने ब्रँड आणि ग्राहक घेतले त्याच्याकडे कामगारांची देणीही जावीत, कारखाना त्याने घेतला असो वा नसो. हे तिसरं कलम लिहिताना कंपनीच्या बाजूची मुलं दरवर्षी अडून बसतात. असं असेल तर कुणी येणारच नाही, म्हणतात. मी त्यांना चार टक्क्यांचा आकडा पुन्हा दाखवते. आपल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधी आहे, मालकाने पंधरा दिवसांचा पगार त्यात भरायचा. सुरुवात म्हणून ठीक. पण त्याच संहितेने आगाऊ परवानगीची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली आहे, आणि पंधरा दिवसांत कुणी नवं कसब शिकत नाही.

श्रीपेरुंबुदूरची ती जागा पाच वर्षं बंद राहिली. नोव्हेंबर २०१९ मध्ये मोबाइलचे चार्जर बनवणाऱ्या सालकॉम्पने ती घेतल्याचं जाहीर झालं. सालकॉम्प मूळची फिनलंडची, एके काळी नोकियालाच चार्जर पुरवणारी, आता चिनी मालकीची आणि ॲपलची पुरवठादार. फॉक्सकॉनही परतली आणि त्याच पट्ट्यात आयफोन जोडू लागली. बस पुन्हा सुरू झाल्या. त्यांत बसणाऱ्या पुन्हा बारावी झालेल्या मुली, फक्त या वेळी बऱ्याच जणी कंत्राटदाराच्या वसतिगृहात राहणाऱ्या.

डिसेंबर २०२१ मध्ये अशाच एका वसतिगृहात अडीचशेहून अधिक मुलींना अन्नातून विषबाधा झाली, १५९ जणींना रुग्णालयात न्यावं लागलं. दोघी गेल्या अशी अफवा पसरली. कंत्राटदार, फॉक्सकॉन, ॲपल, यांपैकी कुणीही समोर येऊन नीट उत्तर देईना, तेव्हा शेकडो मुली चेन्नई-बंगळुरू महामार्गावर जाऊन बसल्या. थंडीच्या दिवसांत रात्रभर वाहतूक अडली. पुढे कारखाना काही आठवडे बंद ठेवला गेला, ॲपलने त्याला निगराणीखाली घातलं, वसतिगृहं आणि भोजनगृहं सुधारायचं कबूल झालं. पण त्या रात्री रस्त्यावर बसलेल्या मुलींचं पहिलं मागणं यांतलं काहीच नव्हतं. आमच्या मैत्रिणी कुठे आहेत ते सांगा, त्या जिवंत असतील तर आम्हाला दाखवा, एवढंच त्या म्हणत होत्या.